लग्नाचा फोटोग्राफर आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा काका

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जण गालात हसले असतील. व्याख्यानाला यायचं आणि ऐकायचं काय, तर लग्नाचे फोटो! पण आम्ही मंडळी हे काम बरीच वर्षं करतोय, आणि आमचा अनुभव असा की लग्नघरात हॉल, आचारी, बस्ता, गुरुजी ह्यांची दहा ठिकाणी चौकशी होते. फोटोग्राफर मात्र ‘अमक्याच्या भाचीच्या लग्नात होता, बरा होता’ एवढ्यावर ठरतो. मग पाच-सहा महिन्यांनी अल्बम हातात येतो आणि कुरबुर सुरू होते. गंमत म्हणजे, फोटो वाईट आले अशी तक्रार फार कमी असते. ‘आमच्या मोठ्या मामी कुठेच दिसत नाहीत’, ‘कानपिळीचा फोटोच नाही’, ‘ह्याचे वेगळे पैसे पडतात हे तुम्ही बोलला नव्हतात’, अशी ती कुरबुर असते. म्हणून आज कॅमेऱ्याच्या तंत्राबद्दल कमी बोलू. ह्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची आणि त्याला आपण काय द्यायचं, ह्याबद्दल जास्त बोलू.

आधी थोडं मागे जाऊ या. ज्यांच्या घरी आई-वडिलांच्या लग्नाचा काळ्या पानांचा अल्बम आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तो काढा आणि फोटो मोजा. शंभराच्या आतच भरतील, पुष्कळ घरांत पन्नासच्याही आत. कारण सरळ होतं. यशिकासारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात १२० चा रोल घातला की चौकोनी फोटो यायचे बारा. नंतर ३५ मिलिमीटरचा रोल रुळला, त्यात छत्तीस. रोल विकत आणायचा, धुवायचा, प्रिंट काढायची, म्हणजे प्रत्येक वेळी कळ दाबली की पैसे. त्यामुळे यजमान घरातला एक माणूस फोटोग्राफरच्या शेजारी उभा करायचे. बहुतेक घरांत तो काका असायचा. ‘आता मामांचा घ्या.’ ‘ह्या इंदूरच्या आत्या, ह्यांचं पुन्हा लवकर येणं व्हायचं नाही, ह्यांचा घ्या.’ ‘त्या पोरांचा नको, रोल संपेल.’ प्रकाश, अंतर, फोकस हे फोटोग्राफर बघायचा. कोणाचा फोटो घ्यायचा, हे काका बघायचा.

डिजिटल कॅमेरा आला आणि कळ दाबण्याचा खर्च जवळजवळ संपला. आज दोन फोटोग्राफर मिळून एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज काढतात. मग रोल वाचवायला उभा केलेला काका जेवायला निघून गेला. पण रोल वाचवताना तो आणखी एक काम करत होता, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नाती तो ओळखत होता. कॅमेऱ्याला चेहरा ओळखता येतो, हल्ली डोळेसुद्धा शोधून फोकस करता येतो, पण समोरच्या दोनशे माणसांत आत्या कोण आणि हॉलच्या मॅनेजरची बायको कोण, हे त्याला कळत नाही. आम्हालाही कळत नाही. आम्ही त्या घरात सकाळी आठला पहिल्यांदा पाय ठेवलेला असतो.

आमच्याकडे एकदा एक गृहस्थ हार्ड डिस्क घेऊन आले. लग्न त्यांच्या मुलाचं, काम दुसऱ्या कोणी केलेलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ह्यात माझी आई शोधून द्या. लग्नानंतर चार-पाच महिन्यांत त्या वारल्या होत्या. लग्नाला त्या व्हीलचेअरवरून आल्या होत्या, स्टेजला सहा पायऱ्या, म्हणून दिवसभर पहिल्या रांगेच्या कडेला पंख्यासमोर बसून होत्या. फोटो अडीच हजारांच्या वर होते, आणि चांगले होते, हे आधी सांगतो. स्टेजवरचा प्रत्येक क्षण टिपलेला होता. आजी मिळाल्या तीन ठिकाणी. एकदा पाठमोऱ्या, एकदा कोणाच्या तरी खांद्याआड अर्ध्या, आणि एकदा मागे, फोकसच्या बाहेर. त्या फोटोग्राफरला दोष देणं आम्हाला जमलं नाही. त्या कोण आहेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि घरचे सगळे स्टेजवर होते.

तेव्हा आजच्या सगळ्या बोलण्यातलं हे पहिलं धरून ठेवा. फोटोग्राफर ठरवाल तेव्हाच त्याच्या शेजारी उभा राहणारा काकाही ठरवा. तो खरोखरचा काका असायला हवा असं नाही. चुलत बहीण चालेल, मावसभाऊ चालेल. नवरीची सख्खी बहीण मात्र नको, ती करवली म्हणून अडकलेली असते, आणि तिलाही फोटोत यायचं असतं. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस असेल तर उत्तम, कारण मुलीकडच्या काकाला मुलाकडची माणसं माहीत नसतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्याची आणि फोटोग्राफरची फोनवर गाठ घालून द्या. ज्यांचं वय झालंय, जे लांबून आलेत, ज्यांना स्टेज चढता येणार नाही, अशा आठ-दहा जणांची यादी त्याच्या हातात द्या. नवरा-नवरी विधींतून उठून दोन मिनिटं त्या माणसांपर्यंत खाली गेले, तर आमच्या अनुभवात सगळ्या अल्बममधला सगळ्यात जास्त बघितला जाणारा फोटो तोच होतो.

आता ठरवतानाच्या गोष्टी. कोटेशनमध्ये तुम्हाला काही शब्द दिसतील. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे विधींचे आणि पाहुण्यांचे, समोर बघून उभे राहिलेले फोटो. ‘कॅन्डिड’ म्हणजे न सांगता टिपलेले. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे चार-पाच मिनिटांची गाण्यावर बसवलेली फिल्म. विधींचा सलग दोन-तीन तासांचा व्हिडिओ हा वेगळा प्रकार, आणि तो हवा असेल तर तसा स्पष्ट सांगावा लागतो, कारण हल्ली पुष्कळ जण तो देतच नाहीत. तरुण मंडळींना वाटतं, कॅन्डिड घेतला की झालं. आमचं मत विचाराल तर ट्रॅडिशनलवाल्याला कमी लेखू नका. वीस वर्षांनी घरचे लोक शोधतात ते ओळीत उभे असलेले चेहरे. धुरामागे चमकणारी बांगडी सुंदर दिसते, पण ती कोणाची हे पुढच्या पिढीला सांगता येत नाही.

काम बघायला मागाल तेव्हा निवडक तीस-चाळीस फोटो बघून ठरवू नका. वर्षभरातल्या पन्नास लग्नांतून एकेक उत्तम फोटो कोणाचाही निघतो. एकाच लग्नाचा सगळा संच मागा, पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत. शक्य असेल तर तुमच्या हॉलसारख्याच हॉलमधलं लग्न मागा, कारण राजस्थानातल्या महालाच्या अंगणात आणि आपल्याकडच्या खाली छत, पिवळे दिवे असलेल्या कार्यालयात काम करणं ह्यात फरक पडतो. आणि एक प्रश्न न चुकता विचारा : आमच्या लग्नाला नक्की कोण येणार? एका तारखेला एकाच स्टुडिओची तीन-तीन कामं असतात. मुहूर्त मोजकेच, आणि ते सगळ्यांनाच हवे. ज्याच्याशी बोललात तो एका ठिकाणी जातो, बाकीच्या दोन ठिकाणी त्याने बोलावलेले लोक जातात. ह्यात फसवणूक आहे असं नाही, ते लोकही चांगले असू शकतात. पण कोण येणार हे आधी माहीत हवं, आणि बघाल ते काम त्याचंच हवं.

आता प्रत्यक्ष दिवसाबद्दल बोलू. इथे जरा सविस्तर बोलतो, कारण गोंधळ इथेच होतो.

आपल्याकडच्या लग्नात एक अडचण आहे. ती म्हणजे अंतरपाट. नवरा एका बाजूला, नवरी दुसऱ्या बाजूला, दोघं समोरासमोर, आणि मधे कापड. आता विचार करा, कॅमेरा कुठे ठेवायचा? नवरीचा चेहरा दिसेल अशा ठिकाणी उभं राहिलं तर नवऱ्याची पाठ. नवऱ्याचा चेहरा धरला तर नवरीची पाठ. कडेला उभं राहिलं तर दोघांच्या कडा आणि मधे आडवं कापड. शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट दूर होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात, तो वेळ किती? दोन-तीन सेकंद. लगेच वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा मारा होतो, हार घालायची घाई होते, करवल्या पुढे सरकतात. त्या दोन-तीन सेकंदांत दोन्ही चेहरे हवे असतील तर दोन कॅमेरे लागतात, एक इकडे आणि एक तिकडे. ‘एक माणूस पुरे, आमचं लग्न साधंच आहे’ असं म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमी हेच सांगतो. दिवसभर दोन माणसं परवडत नसतील तर निदान मंगलाष्टकांच्या तासाभरासाठी दुसरा घ्या.

दुसरी गोष्ट, दोघांच्या मागे मामा उभे असतात. मामांच्या मागे मामांचे मित्र, आणि त्यांच्या हातात मोबाइल. पाहुण्यांनी मोबाइलवर फोटो काढू नयेत असं आम्ही म्हणणार नाही, कार्य त्यांचंही आहे. पण मंगलाष्टकं सुरू असताना अंतरपाटाच्या दोन्ही टोकांना हात-दोन हात जागा मोकळी ठेवायला गुरुजींनी एकदा माइकवरून सांगितलं, तर लोक ऐकतात. आम्ही सांगितलं तर ऐकत नाहीत. तेव्हा गुरुजींना आधी भेटून ठेवा. फोटोग्राफरची आणि गुरुजींची ओळख करून देणं हे यजमानाचं काम आहे. बहुतेक गुरुजी समजूतदार असतात, लाजाहोमाच्या वेळी हात जरा इकडे धरा म्हटलं तर धरतात. काहींना विधीत व्यत्यय चालत नाही, तो त्यांचा अधिकार आहे. पण ते सकाळी कळलेलं बरं.

विधींची यादीही द्यावी लागते. तुम्ही म्हणाल, मराठी फोटोग्राफर आहे, त्याला माहीत नाही का? थोडं माहीत असतं. पण क्रम घराघरांत बदलतो. कुणाकडे सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, कुणाकडे सकाळीच उरकतात. गौरीहराला नवरी एकटी बसलेली असते, तेव्हा सगळे नाश्त्याला गेलेले असतात आणि फोटोग्राफर नवरदेवाच्या स्वागताला. कानपिळी म्हणजे दहा सेकंदांचं काम. नवरीचा भाऊ कान पिळतो, हशा होतो, संपलं. सूनमुख आरशात बघायचं असतं, तेव्हा कॅमेरा सासूच्या खांद्यामागे असेल तरच आरशातला चेहरा दिसतो. झाल पुष्कळ ठिकाणी रात्री उशिरा, दिवे निम्मे घालवल्यावर होते. नेमकी तेव्हाच आई-वडिलांच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि नेमकी तेव्हाच फोटोग्राफरची ठरलेली वेळ संपून तो बॅग आवरत असतो. किती वाजेपर्यंत थांबायचं, हे म्हणूनच घड्याळाच्या वेळेऐवजी विधीच्या नावाने ठरवा. ‘झाल होईपर्यंत’ किंवा ‘माप ओलांडेपर्यंत’ असं लिहून घ्या.

हे झालं वैदिक पद्धतीच्या लग्नाचं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात होम नाही, अंतरपाट नाही. त्रिशरण-पंचशील चालू असताना शांतता असते, आणि तिथे खटाखट फ्लॅश मारणारा माणूस खटकतो. गोव्यातल्या कॅथलिक लग्नात आदल्या दिवशी रोस असतो, नारळाचा रस लावायचा, त्यात जेवढी मजा तेवढीच कॅमेऱ्याला भीती. चर्चमध्ये कुठवर जायचं हे फादरना विचारून ठरवायचं. नोंदणी विवाह असेल तर विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, आणि प्रत्यक्ष सह्यांना जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. कार्यालय सरकारी असतं, तेव्हा आत फोटो काढायची परवानगी आधी विचारा, नाहीतर फोटोग्राफर बाहेरच्या बाकावर बसून राहतो.

प्रकाशाबद्दल एकच सांगतो. गोरज मुहूर्त फार सुंदर, पण आपल्याकडे सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. मुहूर्त अर्धा तास लांबला, आणि तो लांबतोच, तर उघड्यावरचं लग्न पूर्ण दिव्यांवर येतं. त्यात सजावटवाल्याने जांभळे-निळे दिवे स्टेजवर सोडले असतील तर पिवळी नऊवारी फोटोत मातकट दिसते, आणि चेहरे निळे. हे नंतर संगणकावर पूर्ण सुधारत नाही. सजावटवाल्याला सांगा, रंगीत दिवे मागच्या पडद्यावर सोड, माणसांवर साधा पांढरा-पिवळसर प्रकाश ठेव. स्टेजच्या मागे मोठी एलईडी भिंत असेल तर फोटोत आडव्या पट्ट्या येऊ शकतात, त्याची चाचणी फोटोग्राफरला लग्नाआधी घेऊ द्या.

ह्याला जोडून एक नाजूक विषय. फोटो सुधारताना चेहरे उजळ करायची पद्धत आहे, आणि ती ग्राहकांच्या मागणीवरूनच पडली आहे. आम्हाला ती मनापासून आवडत नाही. मुलीचा सावळा रंग पुसून तिला पीठ लावल्यासारखी करायची, आणि शेजारी तिचा बाप मूळ रंगात उभा! एक पुटकुळी काढणं वेगळं, रंग बदलणं वेगळं. नको असेल तर ‘रंग आहे तसा ठेवा’ एवढं आधी सांगा. सांगितलं नाही तर पुष्कळ ठिकाणी ते आपोआप होतं.

आता स्वागत समारंभाचा हिशेब. चारशे पाहुणे, चार-चार जणांचे गट धरले तर शंभर गट. स्टेजवर चढणं, पाकीट देणं, ‘ओळखलंस का?’ हा प्रश्न, फोटो, उतरणं, असा एका गटाला पाऊण मिनिट धरा. सव्वा तास झाला, आणि हे कोणी मधे रेंगाळलं नाही तर. एवढा वेळ नवरा-नवरी हसत उभी, पोटात सकाळपासून काही नाही. म्हणून घरच्या माणसांचे एकत्र फोटो रिसेप्शनला ढकलू नका. लग्न लागल्यावर, जेवणाआधी, वीस मिनिटं राखून ठेवा, आधी सगळ्यात मोठा गट घ्या आणि मग लहान करत या. मोठ्या गटात आजी-आजोबांना उठबस करावी लागत नाही, ते बसलेलेच राहतात आणि मागची माणसं बदलतात.

आणि हो, फोटोग्राफरला जेवायला कोण बसवणार? हसू नका. सकाळी सहाला मेकअपच्या खोलीपासून सुरुवात केलेली चार माणसं असतात. पाहुण्यांची पंगत चालू असते तेव्हा त्यांना फोटो काढायचे असतात, आणि पंगत संपली की केटररचा माणूस म्हणतो, ताटं मोजून होती. तुमच्या ताटांच्या आकड्यात ती चार ताटं आधीच धरा, आणि नवरा-नवरी जेवायला बसतील तेव्हाच त्यांनाही बसवा. उखाण्याचा आणि घासाचा फोटो झाला की बसायचं, जेवणाऱ्या माणसाचे फोटो तसेही कोणाला आवडत नाहीत.

प्री-वेडिंगबद्दल फार बोलत नाही. हौस असेल तर करा, त्यात एक फायदा आहे की दोघांची कॅमेऱ्यासमोरची भीती जाते आणि फोटोग्राफरचा स्वभाव कळतो. ड्रोनबद्दल मात्र नियम माहीत हवा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळ किंवा लष्करी ठाण्याच्या जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. वरातीच्या डोक्यावर तो फिरवू नका, एवढं आमच्याकडून.

लग्न झालं. आता फोटो कधी? पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस फोटो मागून घ्या, ते बहुतेक जण देतात. त्यात दोघांचा एक स्वच्छ फोटो असू द्या, विवाह नोंदणीच्या अर्जाबरोबर तो आणि लग्नपत्रिका साधारणपणे मागतात. बाकीच्या निवडीला आणि सुधारायला लग्नसराईत दोन-तीन महिने लागणं रास्त आहे. अल्बम रखडतो तो मात्र बहुतेक वेळा तुमच्याकडून. आठशेतून दीडशे फोटो निवडा म्हटलं की घरात तीन पक्ष पडतात. सासरचा एक, माहेरचा एक, आणि ‘मला ह्यात पडायचं नाही’ म्हणणाऱ्या वडिलांचा एक. दिवाळी येते, जाते. निवड दोघांनीच करावी, एका रविवारी बसून.

खरी काळजी फाइलींची घ्यायला हवी. एका फोटोची मूळ फाइल पंचवीस-तीस एमबीची असते. तीन हजार फोटो म्हणजे पाऊणशे-नव्वद जीबी. व्हिडिओ धरला तर त्याच्या कितीतरी पट. असं प्रत्येक लग्नाचं. म्हणून कोणताही स्टुडिओ हे सगळं कायम ठेवू शकत नाही. ठराविक महिन्यांनी पुसतात. किती महिन्यांनी, हे विचारून लिहून घ्या. अल्बम म्हणजे दीडशे फोटो, उरलेले पुसले गेले की गेले. आणि त्या व्हीलचेअरवरच्या आजींसारखे फोटो दीडशेत नसतात, उरलेल्यांत असतात. आपल्या खर्चाने दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्या घरी, एक दुसऱ्या गावी भावाकडे. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो जपून ठेवला म्हणजे झालं, असंही समजू नका, तिथे त्याचा आकार कमी होतो, मोबाइलवर ठीक दिसतो, अल्बमच्या मोठ्या पानावर फाटतो. फोटो काढतानाही विचारा की कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद होते का. कार्ड खराब होणं हे क्वचित घडतं, पण घडतं, आणि लग्न पुन्हा लावता येत नाही.

पैशांचं एकच : काय मिळणार ते एका कागदावर असावं. तारीख, कोण येणार, कुठल्या विधीपर्यंत, किती सुधारलेले फोटो, सगळे मूळ फोटो मिळणार का, अल्बम किती पानांचा, इसार किती, लग्न पुढे गेलं तर इसाराचं काय. २०२० च्या टाळेबंदीत ह्या शेवटच्या प्रश्नावर चांगले संबंध तुटलेले आम्ही बघितले आहेत, दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत होतं, कारण कागदच नव्हता. शेवटचा हप्ता फोटो हातात आल्यावर द्यायचा ठेवा, पण मग तो वेळेवर द्या. वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. पण तिथेही आधी कागदच विचारतात.

आता काही प्रश्न आलेत, ते घेऊ.

पहिला प्रश्न, ‘फोटोवर हक्क कोणाचा? आमच्या मुलीचे फोटो त्याने स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकले.’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ मध्ये म्हटलं आहे, की कोणी मोबदला देऊन सांगून फोटो किंवा फिल्म करून घेतली, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो करून घेणारा. म्हणजे तुम्ही. पण ‘उलट करार नसल्यास’ हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळ छापील बिलांच्या मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं आणि आपण सही करतो. जाहिरातीला फोटो वापरू नका, किंवा आम्हाला दाखवून वापरा, हे आधी बोला. लहान मुलांचे आणि हळदीचे फोटो तर निक्षून नको म्हणा. चांगला माणूस ऐकतो. आमचाही धंदा ह्या फोटोंवरच चालतो, तेव्हा सरसकट नाही म्हणण्यापेक्षा दहा फोटो निवडून दिलेत तर दोघांचं भागतं.

दुसरा, फिल्मवरच्या गाण्याबद्दल. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे. तेच गाणं तुमच्या फिल्मला लावून इंटरनेटवर टाकलं की ती वेगळी गोष्ट होते, आणि आवाज बंद केला जाऊ शकतो. म्हणून गाण्याविना, मूळ आवाजाची एक प्रत मागून घ्या. त्यात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशीचा आवाज असतो, आईच्या सूचना असतात, मागे कोणीतरी ‘अरे, अक्षता वाटल्या का?’ म्हणून ओरडत असतं. गाण्याखाली हे सगळं जातं.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, ‘आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, १९९१ ची, काय करावं?’ हे काम ह्याच महिन्यात करा. व्हीएचएस टेपवरचा थर काळाबरोबर खराब होतो, आपल्या पावसाळी हवेत बुरशी धरते, आणि ती चालवणारी यंत्रं आता बनत नाहीत. बुरशी दिसत असेल तर घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघण्याचा मोह टाळा, टेपही जाईल आणि यंत्रही. रूपांतर करून देणारे लोक मोठ्या शहरांत आहेत. कॅसेट कुरिअरने न पाठवता शक्य तर हाताने नेऊन द्या, आणि फाइल मिळाली तरी मूळ कॅसेट परत आणा. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. कोण कोण दिसतंय त्यांची नावं वहीत लिहून काढा. तो काका अजून असेल, तर त्यालाच बोलवा.